नकाशावरचे पिवळे चौकोन

लॉस एंजेलिसच्या आग्नेयेकडील एका लहान शहरात राहणाऱ्या वाचक भगिनी लिहितात: "आम्ही नऊ वर्षांपूर्वी येथे घर घेतले. आमच्यापासून दोन गल्ल्यांवर फ्रीवे आहे आणि त्याचे रुंदीकरण करण्याचा प्रस्ताव आला आहे. माझे पती रोज याच रस्त्याने कामावर जातात आणि त्यांचे जाण्यायेण्यात तीन तास मोडतात. आमचे घर आखणीत येत नाही, परंतु पलीकडच्या गल्लीतील घरांची एक अख्खी रांग येते. त्या रांगेतल्या एका बाईंनी आमच्या मुलीला ती सात महिन्यांची असल्यापासून सांभाळले आहे आणि मुलगी त्यांना 'अबुएला' म्हणते, म्हणजे आजी. त्या तेथे एकवीस वर्षे भाड्याने राहतात, वृद्ध घरमालक मागच्या खोलीत राहतात. महामार्ग खात्याचे पत्र घेऊन दोघेही माझ्याकडे वाचून घ्यायला आले होते. मालकांचा पुतण्या म्हणतो की भाडेकरू आताच काढून घर मोकळे करून ठेवावे. पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. रुंदीकरणाला पाठिंबा द्यावा असे पतींचे मत आहे; मला दोन्ही बाजू पटतात. मी काय बोलावे, आणि आमचे घर जात नसताना मला बोलण्याचा हक्क तरी आहे का?"

सप्रेम नमस्कार.

सुनावणीत काय बोलावे यावर आपण दोन पाने लिहिली आहेत आणि पुतण्याच्या सल्ल्यावर एकच वाक्य. मी मात्र उत्तराची सुरुवात त्या एका वाक्यापासून करतो, कारण आपले मत बनायला महिना लागला तरी काही बिघडत नाही, पण आजींनी उद्या घर सोडले तर जे बिघडेल ते नंतर कोणत्याही सुनावणीत दुरुस्त होणार नाही.

संघराज्याचा पैसा असलेल्या रस्त्यासाठी घर घेतले जाते तेव्हा १९७० चा भूसंपादन व पुनर्वसन साहाय्याचा कायदा लागू होतो आणि त्यात मालकाइतकाच भाडेकरूही विस्थापित मानला जातो. मात्र त्याला एक अट आहे. खाते मालकाच्या हाती पहिला लेखी देकार, म्हणजे घर विकत घेण्याचा प्रस्ताव, देते, त्या दिवशी ती व्यक्ती त्या घरात प्रत्यक्ष राहत असली पाहिजे, आणि घरभाड्याच्या साहाय्याचा सरळ हक्क मिळण्यासाठी त्याआधीचे किमान ९० दिवस तिचे वास्तव्य तेथे असले पाहिजे. एकवीस वर्षे राहिलेल्या बाई देकाराच्या आदल्या महिन्यात मालकाच्या सांगण्यावरून निघून गेल्या, तर त्या कायद्याच्या लेखी घर बदललेल्या एक सामान्य भाडेकरू ठरतात आणि त्यांची एकवीस वर्षे कोठेच मोजली जात नाहीत. पुतण्याचा हेतू वाईट असेल असे मी म्हणत नाही. बहुधा रिकाम्या घराला भाव चांगला येतो असे त्याला वाटत असावे. पण मालकाला मिळणारा मोबदला आणि भाडेकरूला मिळणारे साहाय्य ही दोन वेगळी खाती आहेत, आजी राहिल्याने मालकांच्या मोबदल्यातून एक डॉलरही वजा होत नाही, ही गोष्ट त्याला कोणीतरी शांतपणे समजावून सांगितली पाहिजे. ते आपण करू शकता. त्याउपर घर सोडण्याची नोटीस आलीच, तर कॅलिफोर्नियात वर्षभराहून अधिक राहिलेल्या भाडेकरूला साधारणपणे ६० दिवसांची मुदत मिळते आणि बहुतेकांना काढण्यासाठी कायद्याने मान्य असे कारण लागते. मालक त्याच आवारात राहत असल्यास काही अपवाद लागू होतात, म्हणून त्या वेळी भाडेकरूंसाठी मोफत काम करणाऱ्या वकिलाकडे जाणे हाच मार्ग आहे.

आपण वर्णन केलेले पत्र भूसंपादनाची नोटीस नाही. प्रकल्प अजून पर्यावरणविषयक अहवालाच्या टप्प्यावर आहे, आणि या टप्प्यापासून देकारापर्यंत कधी दोन वर्षे जातात तर कधी दहा. देकारानंतरसुद्धा घर सोडण्यासाठी किमान ९० दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते, आणि राहणाऱ्यांच्या ऐपतीतले, तोडीचे, राहण्यास सुरक्षित असे दुसरे घर उपलब्ध असल्याचे दाखविल्याशिवाय त्यांना बाहेर काढता येत नाही.

पैशाचा हिशेब येथे थोडा उलगडून सांगतो, कारण लोक नेमके येथे फसतात. भाडेकरूला सध्याचे भाडे आणि तोडीच्या नव्या घराचे भाडे यांतील फरक ४२ महिन्यांसाठी मिळतो. २०२४ मध्ये सुधारलेल्या नियमांत या साहाय्याची मर्यादा ९,५७० डॉलर आहे. आता समजा, आजी आज १,४०० डॉलर भाडे देतात आणि त्याच परिसरात तोडीचे घर २,३०० डॉलरला मिळते, तर महिन्याचा फरक ९०० डॉलर झाला आणि ४२ महिन्यांचे ३७,८०० डॉलर झाले. मर्यादेच्या चौपट जवळपास. अशा वेळी कायद्यातच 'अंतिम उपाय' म्हणून तरतूद आहे, ज्याखाली खात्याला मर्यादेपलीकडे जाऊन रक्कम द्यावी लागते किंवा घराची सोय अन्य मार्गाने करावी लागते. तेव्हा ९,५७० हा आकडा शेवटचा म्हणून कोणी सांगितला, तर तो सांगणारा एक तर अनभिज्ञ आहे किंवा घाईत आहे. हा हिशेब होण्यासाठी भाड्याचा पुरावा लागतो. आजी भाडे रोखीने देत असतील आणि मालक वहीच्या कागदावर सही करून देत असतील, तर ते सगळे कागद एका पाकिटात गोळा करायला लावा. कागद नसतील तर या महिन्यापासून भाडे धनादेशाने द्यायला सांगा, आणि वास्तव्य सिद्ध करण्यासाठी विजेची, गॅसची, दूरध्वनीची जुनी बिले शोधा.

एक नाजूक गोष्ट आपण पत्रात लिहिली नाही आणि मी विचारतही नाही. १९९७ च्या दुरुस्तीनुसार ज्यांचे देशातील वास्तव्य कायदेशीर नाही त्यांना हे पुनर्वसन साहाय्य सामान्यतः मिळत नाही. मात्र नागरिक असलेल्या अथवा कायदेशीर वास्तव्य असलेल्या पती-पत्नीवर, आईवडिलांवर वा मुलांवर त्यामुळे अतिशय मोठे संकट ओढवत असेल तर त्यास अपवाद आहे, आणि घरात काही सदस्य पात्र व काही अपात्र असतील तर रक्कम प्रमाणात ठरते. या वस्तीत अशी मिश्र कुटुंबे पुष्कळ आहेत. म्हणून कोणताही अर्ज भरण्यापूर्वी कायदेविषयक मोफत साहाय्य देणाऱ्या केंद्रात जावे, आणि भीतीपोटी मिळणारा हक्कही सोडून देऊ नये.

मालकांचे काम तुलनेने सोपे आहे. मूल्यांकन करणारा येईल तेव्हा त्यांना बरोबर फिरण्याचा हक्क आहे, तो त्यांनी वापरावा आणि छत कधी बदलले, मागची खोली परवानगीने बांधली का, हे स्वतः दाखवावे. कॅलिफोर्नियात संपादन करणाऱ्या संस्थेला मालकाच्या स्वतंत्र मूल्यांकनाचा वाजवी खर्च ५,००० डॉलरपर्यंत द्यावा लागतो; पहिल्या आकड्यावर सही करण्यापूर्वी हे अवश्य करून घ्यावे. पुढे सक्तीच्या संपादनाचा ठराव येण्याची नोटीस आली, तर ती टपालात पडल्यापासून १५ दिवसांत लेखी मागणी केली तरच त्या ठरावावर बोलता येते, आणि ही मुदत फार लोक चुकवतात. आणखी एक गोष्ट वृद्ध मालकांना कोणी सांगत नाही. १९७८ च्या मतदानाने मालमत्ता कराचा जो आधार, म्हणजे ज्या किमतीवर कर बसतो ती किंमत, जवळपास गोठवला गेला, तो सरकारने घर घेतल्यास नव्या घरावर ठरावीक मर्यादेत नेता येतो, पण त्यासाठी चार वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या किमतीवर कर भरणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल, तर मोबदला चांगला मिळूनही दर वर्षीच्या करात तो हळूहळू झिजून जाईल.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो.

आपल्या पतींचे रोजचे तीन तास ही क्षुल्लक गोष्ट नाही आणि ती तशी मानणाऱ्या लोकांशी माझे पटत नाही. आठवड्याला पंधरा तास मोटारीत बसणारा माणूस मुलीला जागी असताना किती वेळा पाहतो, हे आपण लिहिले नसले तरी पत्रात दिसते. प्रश्न असा आहे की हे तास रुंदीकरणाने परत मिळतील का. याचे उत्तर अमेरिकेने पुष्कळ पैसे खर्चून मिळवलेले आहे. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००३ ते २००८ या काळात सुमारे २८० कोटी डॉलर खर्चून रुंद करण्यात आला, आणि बाजूचे सेवा रस्ते धरता काही ठिकाणी त्याच्या २६ मार्गिका झाल्या. २०११ ते २०१४ या तीनच वर्षांत तेथील सकाळच्या प्रवासाचा वेळ सुमारे ३० टक्क्यांनी आणि संध्याकाळचा सुमारे ५५ टक्क्यांनी वाढला. आपल्या जवळचेच उदाहरण हवे असेल तर सेपुल्वेडा खिंडीतला ४०५ क्रमांकाचा फ्रीवे पाहावा: शंभर कोटी डॉलरहून अधिक खर्च करून २०१४ मध्ये तेथे कारपूलची, म्हणजे एकाहून अधिक माणसे असलेल्या मोटारींची, मार्गिका सुरू झाली, आणि ऐन गर्दीतली कोंडी होती तशीच राहिली. अर्थशास्त्रज्ञ ड्युरँटन आणि टर्नर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की महानगरातील महामार्गांच्या मार्गिकांची एकूण लांबी एक टक्क्याने वाढली की मोटारींनी कापलेले अंतरही जवळपास एक टक्क्यानेच वाढते. यामागचे कारण गूढ नाही. रस्ता मोकळा दिसला की आजवर पहाटे निघणारा माणूस आठला निघतो, आतल्या रस्त्याने जाणारा फ्रीवेवर येतो, रेल्वेने जाणारा मोटार काढतो, कोणी आणखी वीस मैल दूर स्वस्त घर घेतो, आणि दोनचार वर्षांत मार्गिका पूर्वीइतकीच भरते. गर्दीमुळे जे थांबलेले होते ते निघतात, एवढेच.

हे मत केवळ माझ्यासारख्या सदरलेखकाचे नाही. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा करून पर्यावरणीय तपासणीत रस्त्याचा परिणाम मोजण्याची पट्टीच बदलली, आणि १ जुलै २०२० पासून चौकात मोटारी किती खोळंबतात याऐवजी प्रकल्पामुळे लोकांचे मोटारीने कापायचे अंतर किती वाढते हे पाहिले जाऊ लागले. म्हणजे ज्या राज्याने फ्रीवे जगाला शिकवला, त्या राज्याच्या नियमांतच आता हे मान्य झालेले आहे.

तरीही रुंदीकरणाच्या बाजूने दोन मुद्दे प्रामाणिक आहेत आणि ते आपण नाकारू नयेत. पहिला अपघातांचा. जुन्या फ्रीवेवर चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या मोटारी अपुऱ्या अंतरात एकमेकींना छेदतात, आणि तेथे एका रॅम्पपासून दुसऱ्या रॅम्पपर्यंतची जोडमार्गिका खरोखर जीव वाचवू शकते. दुसरा मालवाहतुकीचा: लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या दोन बंदरांतून निघणारे अवजड ट्रक या भागातूनच जातात, आणि त्यांच्यात लहान मोटार चालवणे किती भीतीचे असते हे आपल्या पतींना विचारावे लागणार नाही. पण या दोन्ही कारणांसाठी किती रुंदी लागते, ती नेमकी कोठे लागते आणि ती सध्याच्या सरकारी हद्दीत बसते का, हे वेगळे तपासता येते. घर पुष्कळदा मार्गिकेसाठी जात नाही. मार्गिका १२ फुटांची, कडेची मोकळी पट्टी १० फुटांची आणि रॅम्पचे वळण पुस्तकात दिले आहे तेवढ्याच वक्रतेचे, ही प्रमाणे जशीच्या तशी लावली की आखणीची रेघ कोणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरते. या प्रमाणांतून लेखी कारणे देऊन सूट घेण्याची पद्धत अभियंत्यांकडे आहे, आणि ती सूट पूल वाचवण्यासाठी घेता येते तशी घरांची रांग वाचवण्यासाठीही घेता येते. सुनावणीत विचारण्यासारखा सर्वांत उपयुक्त प्रश्न मला हाच वाटतो.

माझे मत विचारलेच आहे तर स्पष्ट सांगतो. मी आपल्या जागी असतो तर आजच्या आखणीला लेखी हरकत नोंदवली असती. वाचणारा वेळ अनिश्चित आणि थोड्या वर्षांचा आहे, जाणारे घर मात्र निश्चितपणे आणि कायमचे जाणार आहे. अशा सौद्यात आपले म्हणणे सिद्ध करण्याची जबाबदारी रस्त्यावर पडते, घरावर नाही. तेथे राहणारे लोक गरीब असतील तर ती जबाबदारी आणखी वाढते, कारण असा सौदा त्यांच्याशी पहिल्यांदाच होत नाही. १९५६ च्या महामार्ग कायद्याने संघराज्य ९० टक्के खर्च देऊ लागले आणि शहरांतून रस्ते नेताना ते स्वाभाविकपणे जमीन स्वस्त व विरोध दुबळा असलेल्या भागांतून नेले गेले. १९५७ ते १९७७ या वीस वर्षांत संघराज्याच्या रस्त्यांसाठी ४,७५,००० हून अधिक कुटुंबे, म्हणजे दहा लाखांवर माणसे, घराबाहेर पडली. येथील बॉईल हाइट्समध्ये फ्रीवेंचे जे जाळे दिसते ते वस्तीच्या मधोमध उभे आहे. हे सगळे जुने झाले असेही म्हणता येत नाही. लॉस एंजेलिस टाइम्सने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीनुसार त्याआधीच्या तीन दशकांतही महामार्गांसाठी देशभरात दोन लाखांहून अधिक लोकांची घरे गेली होती.

हरकत घेऊन काय होते, असे आपले पती विचारतील. त्यांना १०५ क्रमांकाच्या फ्रीवेची गोष्ट सांगा, विमानतळाकडे जाताना तो त्यांच्या पायाखालचाच असतो. १९७२ मध्ये आखणीत घर येणारी काही कुटुंबे आणि काही संस्था न्यायालयात गेल्या, न्यायाधीश हॅरी प्रेगर्सन यांनी काम थांबवले, आणि १९७९ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला. त्यात रस्ता रद्द झाला नाही. त्याच्या मार्गिका कमी झाल्या, मधोमध रेल्वेसाठी जागा ठेवली गेली, गेलेल्या घरांच्या बदल्यात नवी घरे बांधण्याची आणि स्थानिकांना कामावर घेण्याची बंधने आली. रस्ता १९९३ मध्ये खुला झाला. या गोष्टीची दुसरी बाजूही त्यांच्यापासून लपवू नका: खटला चालू असताना आधीच रिकामी केलेली घरे फळ्या ठोकून वर्षानुवर्षे पडून राहिली आणि त्या गल्ल्यांत राहिलेल्यांचे हाल झाले. एल सेरेनो, साउथ पॅसाडेना आणि पॅसाडेना येथे तर ७१० क्रमांकाचा फ्रीवे उत्तरेकडे वाढवण्यासाठी राज्याने सुमारे ४६० घरे विकत घेतली, काही भाड्याने दिली, काही मोडकळीस येईपर्यंत बंद ठेवली, आणि अखेर २०१८ मध्ये तो रस्ताच सोडून दिला. म्हणून आपल्या हरकतीत एक मागणी अवश्य असू द्या, की पैसा आणि मंजुरी पूर्ण हातात येईपर्यंत एकही घर रिकामे करून घेऊ नये.

७१० चा दक्षिणेकडचा भाग हे तिसरे उदाहरण. बंदरापासून पूर्व लॉस एंजेलिसपर्यंत तो रुंद करण्याची अब्जावधी डॉलरची योजना २००८ पासून तपासणीत होती. २०२१ मध्ये संघराज्याच्या पर्यावरण संस्थेने हवेतील सूक्ष्म कणांवर बोट ठेवले आणि २०२२ च्या मे महिन्यात मेट्रो या काउंटीच्या वाहतूक संस्थेच्या मंडळाने रुंदीकरणाचा पर्याय सोडून दिला. ट्रक मात्र तेथे आजही धावतात. रुंदीकरण थांबले म्हणजे वस्तीची हवा सुधारली असे होत नाही, आणि नुसता विरोध करून घरी जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

सुनावणीविषयी थोडे अनुभवाचे. काही वर्षांपूर्वी अशाच एका सुनावणीला मी गेलो होतो. एका शाळेच्या व्यायामशाळेत तिवयांवर मोठमोठे नकाशे लावले होते आणि त्यांत जाणारी प्रत्येक मालमत्ता म्हणजे एक पिवळा चौकोन आणि त्यात एक क्रमांक. एक वृद्ध गृहस्थ बोट टेकवून आपले घर शोधत होते. त्यांना गल्लीचे नाव सापडले, पण घर सापडेना, कारण ते अंगणातल्या लिंबाच्या झाडावरून शोधत होते आणि नकाशात झाडे नव्हती. शेजारी उभ्या असलेल्या तरुण अभियंत्याने अदबीने क्रमांक विचारला. त्यांना तो ठाऊक नव्हता. नंतर माइकसमोर प्रत्येकाला दोन मिनिटे होती, आणि त्या गृहस्थांची दोन मिनिटे आपले घर कोणते हे सांगण्यातच संपली.

म्हणून बोलण्यापेक्षा लिहिण्यावर भर द्या. मसुदा अहवालावर साधारण ४५ दिवस लेखी हरकती घेतल्या जातात, आणि कॅलिफोर्नियाच्या १९७० च्या पर्यावरण कायद्यानुसार मुदतीत आलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या मुद्द्याला अंतिम अहवालात लेखी उत्तर द्यावे लागते. "आम्हाला हा प्रकल्प नको" या वाक्याला "नोंद घेतली" एवढे उत्तर पुरते. या रांगेतील अमुक इतकी घरे कडेची पट्टी दोन फुटांनी कमी केल्यास वाचतात का, हा पर्याय तपासला असल्यास तो कोणत्या पानावर आहे, रुंदीकरणामुळे वाढणारे वाहन-अंतर कसे मोजले, सध्याच्याच मार्गिकांवर पथकर लावून आणि त्या पैशातून बस चालवून किती वेळ वाचतो, बाधित घरांपैकी भाडेकरू किती आणि त्यांच्या ऐपतीतली घरे याच शहरात किती आहेत, हे प्रश्न असे उत्तर देऊन टाळता येत नाहीत. पर्यावरणीय न्यायाविषयीचा १९९४ चा राष्ट्राध्यक्षांचा आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला, त्यामुळे त्याचा आधार घेऊ नका. वंशाच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई करणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा मात्र कायम आहे. ह्यूस्टनमध्ये १,०७९ घरे घेणाऱ्या आय-४५ या महामार्गाच्या प्रकल्पाचे काम याच कायद्याखालील तक्रारींच्या चौकशीसाठी २०२१ मध्ये थांबवले गेले होते. तो प्रकल्प पुढे अटींसह सुरू झाला, हेही खरे.

आपल्याला बोलण्याचा हक्क आहे का? आहे, आणि तो केवळ शेजारधर्माचा नाही. पुढची रांग गेली की आपले घर फ्रीवेच्या तोंडाशी येईल. राज्याच्या हवा मंडळाने २००५ मध्येच फ्रीवेपासून ५०० फुटांच्या आत नवी घरे व शाळा टाळाव्यात असा सल्ला दिला होता, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण कॅलिफोर्नियातील दीर्घ अभ्यासात फ्रीवेपासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ कमी आढळली. ज्यांचे घर जाते त्यांना निदान मोबदला मिळतो; ज्यांचे राहते त्यांना मिळाली तर आवाज अडवणारी भिंत मिळते. नव्या कडेपासून आपल्या दारापर्यंतचे अंतर आजच मोजून घ्या आणि ते हरकतीत लिहा. पती याच रस्त्याने जातात हेही लिहा, लपवू नका. रस्ता वापरणाऱ्या घरातून आलेली हरकत अधिक गांभीर्याने वाचली जाते. फक्त आजींच्या वतीने बोलू नका. त्यांचे म्हणणे त्यांनी स्पॅनिशमध्ये सांगावे. दुभाष्याची मागणी सुनावणीच्या काही दिवस आधी नोंदवावी लागते, ती पत्रावर दिलेल्या क्रमांकावर आजच नोंदवा.

पतींशी वाद घालत बसू नका. त्यांना सुनावणीला बरोबर न्या आणि वाहतुकीच्या अंदाजांचे प्रकरण त्यांनीच वाचावे असे सुचवा. रस्ता झाल्यानंतर वीस वर्षांनी सकाळी आठ वाजता त्यांच्या टप्प्यावर किती मिनिटे लागतील, हा आकडा बहुधा परिशिष्टात असतो, आणि तो त्यांनी स्वतः शोधून काढलेला बरा.

जाण्यापूर्वी अहवालातला आपल्या गल्लीचा नकाशा छपाईच्या दुकानातून मोठा करून आणा, कारण पत्रासोबत येतो त्यात घर नखाएवढे दिसते. मालकांच्या चौकोनातला क्रमांक जाड अक्षरांत एका कागदावर लिहून तो त्यांच्या खिशात ठेवा.